गाळलेली वर्षे

संशोधन सहायकाच्या एकमेव जागेसाठी वेदवती सामंत मुलाखतीला बसली. मुलाखत घेणाऱ्या यंत्राने तिला बुरशीविषयी काही प्रश्न विचारले आणि ते थांबले.

"अभिनंदन, बाई," निवड समितीचे अध्यक्ष डॉ. बोरवणकर म्हणाले. "तुम्ही आयुष्यभरात जे शोधलं असतं, ते यंत्राने आत्ताच काढून दिलं. निबंध तुमच्याच नावाने प्रसिद्धही झाला."

"म्हणजे नोकरी मिळाली?"

"आता नोकरी कशाला? काम संपलं की!"

मनुष्यबळाची इतकी स्वच्छ काटकसर आजवर कोणत्याही शतकाला साधली नव्हती.

वेदवतीला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. तिथला उबट वास आठवला, आणि भलतीच बुरशी धरून बिघडलेली काचबशी फेकून न देता खिडकीत ठेवणारे ताम्हाणे सर. "बघू तरी, काय म्हणतेय ती," असे ते म्हणत.

"माझ्या हातून चुका झाल्या असत्या का?" तिने विचारले.

"भलत्याच बुरशीमागे काही वर्षं गेली असती. यंत्राने ती वर्षं गाळली."

"मग तेवढी मला द्या. पगार नको, एक टेबल द्या."

"टेबलं केव्हाच भंगारात गेली, बाई. खिडकी आहे."

वेदवतीने डब्यातली पोळी काढली, तिच्यावर पाणी शिंपडले आणि ती खिडकीत ठेवली. मग खुर्ची ओढून ती पोळीसमोर बसली.