ठकूबाईची चाल

कोंडाजी भांगरे गडावरचा जुना वाटाड्या. पण गेली दोन वर्षं तो पाहुण्यांच्या मागूनच चाले.

आज पुढे पुण्याची रेवती होती. तिच्या पायांत सपाट, पातळ तळाच्या चपला होत्या. पाऊल कसं टाकायचं ते त्या चपलाच तळव्यांना शिकवत. गुडघे दुखू नयेत म्हणून आता सगळे गिर्यारोहक त्याच घालत. त्यांत भरलेली चाल कोंडाजीच्या बायकोची, ठकूबाईची होती. पन्नाशीतही ती डोक्यावर हंडा घेऊन गड चढायची, तरी तिचा गुडघा कधी दुखला नाही. म्हणून चपला बनवणाऱ्या प्रयोगशाळेने तिची चाल नोंदवून नेली. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली.

दुसऱ्या वळणावर कोंडाजी गुडघा धरून बसला.

"काका, माझ्याकडे जादा जोड आहे. घाला की."

"नको ताई. ही चाल माझ्या मंडळीची. मीच तशी चालायला लागलो, तर ती मला दिसायची कशी?"

रेवती त्याच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, "त्या थांबायच्या का तुमच्यासाठी?"

"थांबायची नाही. पण हळू व्हायची."

रेवती उठली आणि हळूहळू चढू लागली. गुडघ्यावर हात ठेवून कोंडाजीही उठला.