गेणूबाबांची गाडी

तळ्याकाठी गाडी थांबली. पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्यांना कंपनीने गावातल्या थोर माणसांची नावं दिली होती. या गाडीवर सुलोचनाच्या आज्याचं, गेणूबाबांचं नाव होतं. म्हणून ती हौसेने बसली होती.

"गेणूबाबांना हे तळं फार आवडायचं," गाईड म्हणाला. "रोज संध्याकाळी इथे फिरायला यायचे."

सुलोचनाने त्याला मध्येच तोडलं. "फिरायला? हे पाणी आमच्या वस्तीला बंद होतं. ते प्यायले म्हणून गावाने त्यांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या हाताने पुन्हा प्यायले."

गाईड ओशाळला. "मालकांनीच असं लिहून दिलंय, ताई. पर्यटकांना भांडणं आवडत नाहीत म्हणाले."

"मग माझ्या आज्याचं नाव कशाला हवं?"

ती उतरली, नावाची पाटी उपटली आणि काखोटीला मारून पायीच घरी निघाली.