बाथरूममधला ओटा

"अजून एक वीत लांब कर," अब्बा म्हणाले.

फारुखने थापी खाली ठेवली. ओटा वाढवायची ही तिसरी वेळ. पहिल्या शुक्रवारी तो पाटाएवढा होता, बसण्यापुरता. आता तो दारापर्यंत यायचा तेवढा बाकी होता.

"आंघोळ करायचीय की दावत मांडायचीय, अब्बा?"

अब्बा हसले नाहीत. बाथरूमच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. रमजानात शिवलेला सदरा आता खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. "कर म्हणतो ना. सिमेंट ओलं आहे तोवर सगळं जमतं."

अब्बा, म्हणजे हाशिम मास्तर, दाभोळकडच्या उर्दू शाळेत चौतीस वर्षं होते. चुकलेलं गणित त्यांनी कुणाला सोडवून दिलं नाही. पुसायला लावायचे, पुन्हा मांडायला लावायचे, आणि तोवर शांत बसून राहायचे. तसेच आता सेहेचाळीस वर्षांच्या मुलासमोर बसले होते.

फारुख इथे आखातात, अस्कर गावातल्या कारखान्यात फिटर. पाइप आणि व्हॉल्व्ह त्याच्या हातचे. लादी त्याने कधी बसवली नव्हती. मुहर्रक शहरातल्या या जुन्या भाड्याच्या घराच्या मालकाने "मफी मुश्किल, काही हरकत नाही, हवं ते कर" म्हटलं होतं. चार तासांत काम उरकणारा गवंडी शेजारच्या गल्लीतच मिळाला असता. पण अब्बांनी ऐकलं नाही. "परका माणूस नको. तूच कर."

डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, फार तर तीन. गावी न्यावं, तर विमान झेपणार नव्हतं. घरातल्या जुन्या टबाची कड ओलांडायला अब्बांचा पाय उचलत नव्हता, आणि मुलाला ते अंगाला हात लावू देत नव्हते. "बापाला उघडं बघायचं नसतं पोराने," एवढंच म्हणायचे. तीन आठवडे ओल्या फडक्यावर चालले होते. नमाजाला बसताना स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. फारुखने म्हणूनच टब फोडला. अब्बांनी जाण्याआधी एकदा तरी आपल्या हाताने, कुणाची शरम न बाळगता, मनसोक्त आंघोळ करावी, एवढंच त्याला हवं होतं.

पण ओटा काही मनासारखा होत नव्हता. भिंतीला लावून बांधला तर अब्बा म्हणाले, सोडून बांध, दोन्ही अंगांनी माणूस उभा राहिला पाहिजे. गुडघ्याच्या उंचीला आणला तर म्हणाले, वर घे, तुझी पाठ धरेल. लाद्या सपाट बसवल्या तर म्हणाले, उतार दे, पाणी त्या टोकाला गेलं पाहिजे. फारुखने सहा लाद्या उखडल्या. सातवी फुटली.

"यांचं आहे तरी काय?" स्वयंपाकघरात येऊन तो धुसफुसला.

"हळू बोला," त्याची बायको अकीला म्हणाली. तिचा चेहरा मात्र उजळलेला होता. "तुमची पाठ धरेल म्हणाले ना? म्हणजे तुम्हाला हात लावू देणार. मनातून तयार झालेत ते. सांगतात तसं करा."

हे त्याला पटलं. पुढचा आठवडाभर शिफ्टवरून आल्यावर तो गुमान खपला. अब्बा सांगतील तसा उतार दिला, चढायला एक पायरी केली, हँड शॉवरची नळी दुप्पट लांबीची आणली.

शुक्रवारी जुम्याची नमाज पढून तो परतला तेव्हा अब्बा तयार होते. जुलैत इथे थंड नळालाही गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. म्हणून त्यांनी अकीलाकडून सकाळीच दोन बादल्या भरून घेतल्या होत्या. त्यांनी बोटं बुडवून पाहिली. कोमट होतं.

फारुखने साबण आणि टॉवेल ठेवला. "मी दाराशीच आहे. हाक मारा."

"आत ये. कडी लाव."

अब्बांनी सदरा काढला. फारुखने मान खाली घातली. लुंगी सावरत ते पायरी चढले, ओट्यावर बसले, आणि मग एकेक कोपर टेकत हळूहळू पाठीवर आडवे झाले. डोकं उंच टोकाला, पाय उताराच्या टोकाला. ओटा त्यांना पुरला. डोक्याच्या वर चार बोटं जागा उरली.

फारुख एका बाजूला उभा होता. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच जागा मोकळी होती.

"उठा, अब्बा."

"कब्रस्तानात मय्यतीला आंघोळ घालतात ना, ती खोली आहे. पोराला आत घेतात. मी चौकशी केली." ते छताकडे बघत होते. "माझा बाप गेला तेव्हा मला काय येत नव्हतं. लोकांनी बाजूला केलं मला. बापाला शेवटचा माझा हात लागला नाय."

"इथे त्यासाठी माणसं असतात. नीट करतात ती."

"करतात. तुझं काय मग?"

अब्बांनी लुंगी बेंबीपासून गुडघ्यापर्यंत सारखी केली. "हे कापड काढायचं नाय. खालून हात घालायचा, हाताला फडकं गुंडाळून. आधी पोट, हलकं दाबून. मग उजवी बाजू. घे फडकं."

त्याने फडकं उचललं.

"मला नाय जमणार, अब्बा."

"मग चूक खुशाल," अब्बा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "आज चुकलास तर सांगायला मी आहे."