स्टँडवरची सायकल

सायकल दुरुस्त करणाऱ्याची बायको अभयारण्यातल्या खडीच्या वाटेवर हरवली, त्याला अकरा दिवस झाले होते. सापडली ती फक्त तिची सायकल. त्याने ती दुकानातल्या स्टँडवर चाकं अधांतरी ठेवून चढवली. तेव्हापासून रोज दुपारी तिची पॅडलं आणि मागचं चाक आपोआप फिरू लागत. पहिल्या दिवशी मीटरवर चाळीस किलोमीटर पडले. काल जेमतेम दोन.

आज मेहुणा दारातूनच म्हणाला, "दाजी, शोध थांबवला त्यांनी. आता तुम्हीही ती सायकल उतरवा. ताईनं पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं तुम्हाला."

तो सायकलकडे वळला. चाक फिरू लागलं होतं. गिअर खटकन खाली उतरला. म्हणजे तिला चढण लागली होती. मग पॅडल अडखळलं. न राहवून त्याने ते हाताने पुढे रेटलं. रिकाम्या चाकाला एवढं वजन नसतं, हे त्याच्या मनगटाला कळलं.

"धीर सोडू नकोस," तो पुटपुटला आणि घाम पुसायला क्षणभर हात काढला.

चाक उलटं फिरू लागलं. आधी सावकाश, मग उतारावर सुटल्यासारखं.