तीच इस्त्री

रिटायर झालेला वायरमन दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकटात दुरुस्त करून द्यायचा. पहिला नंबर नेहमीच्या बाईंचा, हातात तीच इस्त्री. आजही त्याने प्लग उघडला. आतली तार जळली नव्हती, तुटलीही नव्हती. कुणीतरी स्क्रू सोडवून ती अलगद बाहेर काढली होती आणि प्लग पुन्हा नीट बंद केला होता.

"मेली दगाच देते बघा," बाई म्हणाल्या.

त्याने तार बसवली आणि वर न बघताच विचारलं, "स्क्रूड्रायव्हर कुणाचा?"

बाईंनी पदर सारखा केला. "ह्यांचा होता."

"पुढच्या रविवारी तोच आणा. इस्त्री राहू द्या घरी," असं म्हणत त्याने शेजारच्या खुर्चीवरचा पसारा उचलला.