निळ्या फुलांचा अभ्रा

“दोन वर्षं जेवू घातलंस त्याला, व्हर्ना. काहीतरी कच्चं असेलच की पोराचं,” हार्लन म्हणाला आणि त्याने पॉपकॉर्नचा डबा तिच्यापुढे केला.

आइस हॉकीच्या तीन सामन्यांच्या मालिकेतला पहिला, शुक्रवारचा सामना हातचा गेला होता. खाली बर्फावर पाहुण्यांचा गोलकीपर, ब्रॉडी पेलकी, शिरस्त्राण काढून पाणी पीत होता. एकही चकती त्याने आत जाऊ दिली नव्हती. गोल झाला की समोरच्या गोलकीपरवर बोट रोखून सगळ्यांनी ‘चाळणी! चाळणी!’ म्हणून कोकलायचं, ही कॉलेजची जुनी रीत. त्या संध्याकाळी बोटं खिशातच राहिली. आता शनिवार आणि रविवार, दोन्ही जिंकले तरच सेंट पॉलला अंतिम फेरी. कॉलेज तिथे शेवटचं गेलं तेव्हा व्हर्नाचा नवरा हयात होता आणि हार्लनच्या डोक्यावर केस होते.

ज्युनियर संघात खेळायला येणारी बाहेरगावची पोरं या गावात लोकांच्या घरी राहतात. ब्रॉडी आणि त्याचा जिवलग दोस्त कॉनर व्हर्नाकडे होते, माडीवरच्या खोलीत. ब्रॉडीची आई तो लहान असतानाच गेलेली. दुसऱ्याच आठवड्यात तो व्हर्नाला ‘मॉम’ म्हणायला लागला. पुढे इथल्या कॉलेजच्या कोचने त्याला संघात जागा कबूल केली आणि ऐनवेळी दुसऱ्याला दिली. ब्रॉडी सरोवरापलीकडच्या कॉलेजात गेला. व्हर्ना भयंकर संतापली. या कोचचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं तिने गावभर सांगितलं, आणि पुढच्या हंगामाचं तिकीट काढलं.

“कच्चं कसलं? गुणी पोरगं,” ती म्हणाली. “आईच्या उशीचा अभ्रा डोक्याखाली असल्याशिवाय झोपायचा नाही, एवढंच. निळ्या फुलांचा. धुवायची चोरी. मला आणि कॉनरला, दोघांनाच ठाऊक.”

हार्लन नेहमी फार बोलायचा. आता त्याने नुसता फोन काढला. त्याची नात विद्यार्थ्यांच्या घोषणांची म्होरकी होती, हे व्हर्नाला माहीत होतं. पण आपण कौतुकाने बोललो, हेही तिला माहीत होतं.

शनिवारी दुपारपर्यंत गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातले फुलाफुलांचे अभ्रे संपले. संध्याकाळी ब्रॉडी बर्फावर उतरला आणि विद्यार्थ्यांच्या बाजूला शेकडो अभ्रे फडकले.

“झोप आली का रे, ब्रॉडी? आई कुठाय, ब्रॉडी?”

तो नुसता बघत राहिला. मग जाळीपुढे जाऊन वाकला. पहिलीच चकती त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेली. स्केट घालायला शिकणाऱ्या पोरानेही ती अडवली असती.

“चाळणी! चाळणी!”

व्हर्ना हात मांडीखाली दाबून बसली होती. तिसऱ्या गोलला तिचंही बोट वर गेलं. रविवारी ती पहिल्याच गोलला उभी राहिली. सवय, दुसरं काय, असं तिने स्वतःला बजावलं.

कॉलेज सेंट पॉलला निघालं. हार्लनने तिला मिठी मारून तिच्या कोटावर बिअर सांडली. “मालिका तुझ्या नावावर, व्हर्ना!”

ती गर्दीतून वाट काढत मागच्या दाराशी गेली. पाहुण्यांची बस तिथे उभी होती. जिना उतरताना तिने वाक्य घोकलं. मी बोलले. चुकले माझं. एवढंच म्हणायचं होतं.

ब्रॉडी खांद्यावर भली मोठी बॅग घेऊन बाहेर आला. केस ओले. कॉलेजचं त्याचं शेवटचं वर्ष; आता पुढे कुणी व्यावसायिक संघ बोलावेल असं नव्हतं. तिला बघताच त्याने बॅग टाकली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“ब्रॉडी, मला तुला एक—”

“माहितीये, मॉम. कॉनर.”

तिने त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

“त्या खोलीत आम्ही दोघंच तर झोपायचो. काल फोन केला त्याला. शपथा घ्यायला लागला. म्हटलं, माझ्या लग्नात शेजारी उभा राहणार होतास ना? येऊच नकोस आता. तर रडायला लागला, आणि काय म्हणाला माहितीये? व्हर्नामॉमला विचार, म्हणे. तुझं नाव घेतलं, मॉम! समोर असता तर थोबाड फोडलं असतं.”

बसचा भोंगा वाजला. ब्रॉडी तिच्याकडे बघत होता, सतराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावरून बघायचा तसाच. वाक्य तिच्या जिभेवर होतं.

“कॉनरच्या पोटात कधी काही राहिलंच नाही रे,” व्हर्ना म्हणाली.