पेरूवरचा ठिपका

आंबोली घाटात एक ढग थेट गाडीच्या काचेवर येऊन बसला आणि मी बोलायची थांबले. एरवी मी जेवतानाही थांबत नाही. मांडीवरच्या डब्यात मी रंगवलेले दोन लाकडी पेरू होते. सावंतवाडीच्या खेळण्यांच्या आळीत ते दाखवून, सुट्टीत मला शिकवाल का, असं विचारायचं होतं.

"कारागिरांना पेरू दाखवणार? धन्य आहात बाईसाहेब," बाबा म्हणाले.

आळीत शिरलो आणि माझे डोळेच विस्फारले. दोन्ही बाजूंना लाकडाची केळी, फणस, मिरच्या, इतकी खरी की तोंडाला पाणी सुटलं. डबा उघडूच नये असं वाटलं. तरी उघडला.

दुकानातल्या आजोबांनी पेरू फिरवून पाहिला. "झाडाक असा गुळगुळीत फळ लागता काय गो?"

त्यांनी देठाजवळ तपकिरी ठिपका दिला, बोटानं जरासा पुसला, आणि माझा पेरू आत्ताच झाडावरून काढल्यासारखा झाला. एका ठिपक्यानं!

"दुसऱ्याक तू लाव," म्हणत त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. माझा ठिपका भलताच मोठा पडला.

"ह्यो पोपटान खाल्लेलो," ते हसले आणि बाबांकडे वळले. "हिच्या शाळेक सुट्टी कधी पडतली?"